डोक्यावरचा स्लॅब कुणाचा?

२०१९ च्या जुलैत, रात्री पावणेदोनच्या सुमारास, आमच्या आतल्या खोलीच्या छताचा ढलपा सुटला आणि सासूबाईंच्या पलंगाच्या पायथ्याशी पडला. ताटाएवढा असेल. दिवा लावून वर पाहिलं तर तीन सळ्या उघड्या पडलेल्या. स्टुलावर चढून बोट लावलं, तर सळीचे पापुद्रेच हातात आले. बोटं विटकरी झाली.

सकाळी घरमालकांना फोन केला. ते ठाण्याला असतात. माणूस चांगला. "आईंना लागलं नाही ना?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मग म्हणाले, "गवंडी पाठवतो, प्लास्टर मारून घेऊ." गवंडी आला, त्याने सिमेंटचा गिलावा थापला, वर पांढरा रंग फिरवला. पुढच्या पावसाळ्यात तोच ढलपा, आधीपेक्षा मोठा होऊन, पुन्हा खाली आला.

मी अलिबागला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. ताप आलेल्या माणसाचं रक्त न तपासता त्याच्या कपाळावर नुसती पट्टी ठेवत राहायचं, तसं हे चाललं होतं. छताला काय झालंय, ते कुणी विचारतच नव्हतं. आणि ते विचारण्याचा अधिकार भाड्याने राहणाऱ्या बाईला आहे का, हेही मला ठाऊक नव्हतं. पुढच्या दोन वर्षांत जे कळलं ते लिहिते आहे, कारण या किनाऱ्यावर उरण, अलिबाग, रेवदंडा, मुरूडपासून श्रीवर्धनपर्यंत माझ्यासारखी हजारो कुटुंबं दुसऱ्याच्या जुन्या स्लॅबखाली झोपतात.

आमची इमारत १९८८ ची. तळमजला आणि वर तीन मजले, सोळा फ्लॅट, लिफ्ट नाही. समुद्र पाऊण किलोमीटरवर. रात्री वारा पश्चिमेचा असला की गाज ऐकू येते. सोळापैकी सात घरांत मालक स्वतः राहतात, सहांत भाडेकरू आणि तीन घरं बंद असतात. ती मे महिन्यात आणि दिवाळीला उघडतात. अलिबाग जिल्ह्याचं ठिकाण. कलेक्टर कचेरी, जिल्हा परिषद, कोर्ट, सिव्हिल हॉस्पिटल इथेच. बदलीवर आलेला कारकून, थळच्या खत कारखान्यात कंत्राटावर असलेला फिटर, नर्स, शिक्षिका, असे आम्ही भाडेकरू. नव्या इमारतीतला वन बीएचके आमच्या आवाक्याबाहेरचा, कारण नव्या इमारती मुंबईच्या सुट्टीवाल्यांसाठी बांधल्या जातात. म्हणून जुन्या इमारतींचं भाडं आम्हाला परवडतं, आणि त्या जुन्या आहेत म्हणूनच परवडतं.

आता छताचं बघू. काँक्रीट आणि सळी यांचं नातं मला पुढे आमच्या इमारतीच्या तपासणीला आलेल्या इंजिनिअरनी समजावलं. सिमेंटमुळे काँक्रीट आतून तीव्र अल्कधर्मी असतं, त्याचा पीएच साडेबाराच्या वर. त्या वातावरणात सळीवर एक अतिशय पातळ संरक्षक थर बसतो आणि तो टिकतो तोवर सळी गंजत नाही. हा थर दोन शत्रू फोडतात. एक हवेतला कार्बन डायऑक्साइड. तो वर्षानुवर्षं मिलिमीटर-मिलिमीटरने आत शिरतो आणि काँक्रीटचा अल्कधर्म उतरवतो. दुसरं मीठ. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे कण असतात. ते भिंतीवर बसतात, पावसात विरघळतात आणि काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून सळीपर्यंत पोचतात. अलिबागला वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे वाहून न्यायला पाण्याची कमी नाही. त्यातून खाडीची रेती नीट न धुता वापरलेली असेल, तर मीठ बाहेरून येण्याचीही गरज नाही. ते पहिल्या दिवसापासून स्लॅबच्या पोटात असतं.

सळी गंजली की नुसती बारीक होत नाही, फुगते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो. ती जागा काँक्रीटमध्ये नसते, म्हणून काँक्रीट फुटतं. आधी सळीच्या रेषेत बारीक भेग, मग तपकिरी डाग, मग टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आणि शेवटी ढलपा. गवंड्याने त्यावर मारलेला गिलावा म्हणजे गळवावर लावलेली पावडर. आत गंज चालूच.

आमची इमारत ज्या काळात उभी राहिली तेव्हा काँक्रीटच्या कामाचं १९७८ चं भारतीय मानक लागू होतं. स्लॅबच्या सळीवर किमान १५ मिलिमीटर काँक्रीटचं आवरण असलं तरी त्याला चालत असे. २००० साली हे मानक बदललं. समुद्री हवेला उघड्या पडणाऱ्या काँक्रीटला 'तीव्र' गटात घालून त्यासाठी ४५ मिलिमीटर आवरण सांगितलं गेलं. या दोन आकड्यांमध्ये आमच्या किनाऱ्यावरच्या ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या असंख्य इमारती सापडल्या आहेत. बांधणाऱ्याने काही चोरलं नसेल, नियम पाळले असतील, तरीही त्या इमारतीला खारी हवा सोसण्याची ताकद कमीच मिळाली.

याच गावात लोखंडावाचून बांधलेल्या वास्तूही आहेत. अलिबागची चुंबकीय वेधशाळा १९०४ पासून आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्यामुळे कुलाब्यातल्या वेधशाळेच्या नोंदी बिघडणार, म्हणून पृथ्वीच्या चुंबकत्वाचं मोजमाप समुद्रापलीकडे इथे आणलं गेलं. तिच्या इमारतींत लोखंड चालणार नव्हतं, म्हणून चुंबकाला न ओढणारा पोरबंदरी दगड वापरला. त्या इमारतींना शंभराहून अधिक पावसाळे झाले. जांभ्याच्या, चुन्यात बांधलेल्या, कौलारू घरांचंही तसंच. कौल फुटलं की बदलायचं, पावसाळ्याआधी घर शाकारायचं, ही दरवर्षीची कामं होती आणि घरातल्या सगळ्यांना ती ठाऊक होती. सिमेंटचं घर आलं तेव्हा आपण समजलो की आता काही करावं लागणार नाही. माझ्या मते ही आपल्या पिढीची सगळ्यात महाग पडलेली समजूत आहे.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला, अगदी जवळ, किनाऱ्यावर आलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर. लॉकडाऊनचे दिवस, सगळे घरात. दुपारी गच्चीवरची पत्र्याची शेड सुटली. ती गळती थांबवायला दहा वर्षांपूर्वी घातली होती, कारण वॉटरप्रूफिंगला पैसे जमले नव्हते. पत्रे नारळांच्या शेंड्यांवरून गेले. इमारत हलली नाही. पण त्यानंतर चार महिने उघड्या गच्चीवर जो पाऊस साचला, तो तिसऱ्या मजल्यावर म्हणजे आमच्या छतावर जिरत राहिला. भिंतीवर हात ठेवला की तळहात ओला व्हायचा. कपाटातल्या साड्यांवर बुरशीचे ठिपके आले. सासूबाईंचा दमा वाढला.

आणि मग २४ ऑगस्ट २०२०. महाडच्या काजळपुऱ्यातली तारिक गार्डन ही पाच मजली इमारत संध्याकाळी कोसळली. सोळा जण गेले. चार वर्षांचा एक मुलगा सुमारे १९ तासांनी ढिगाऱ्याखालून जिवंत निघाला. ते दृश्य आमच्या इमारतीतल्या प्रत्येक घरात टीव्हीवर पुन्हा पुन्हा पाहिलं गेलं. जिन्यात बायका थांबून बोलत होत्या, "ती तर जेमतेम दहा वर्षांची होती म्हणे." त्या एका वाक्याने आमचा आधार गेला. तोवर आम्ही म्हणायचो, इतकी वर्षं उभी आहे म्हणजे भक्कम आहे. वय हा पुरावा नाही, ना एका बाजूने ना दुसऱ्या. तपासल्याशिवाय कळत नाही.

मी घरमालकांना पुन्हा फोन केला आणि इमारतीच्या स्ट्रक्चरल ऑडिटबद्दल विचारलं. ते म्हणाले, "सोसायटीला विचारा." सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारलं. तेही सौजन्याने बोलले, पण म्हणाले, "ताई, हा सभासदांचा विषय आहे. तुमच्या मालकांनी अर्ज करायला हवा." धोकादायक इमारतीची नोटीस द्यायचा अधिकार नगरपालिकेला आहे, पण इमारत धोकादायक आहे की नाही हे ठरवायला कुणीतरी ती तपासायला हवी. म्हणजे मी पुन्हा जिथून निघाले तिथेच आले. मीटिंगची नोटीस जिन्याखालच्या फळ्यावर लागते, ती मी दहा वर्षं वाचते आहे. पण त्या मीटिंगमध्ये मला खुर्ची नाही. सोसायटी मालकांकडून 'नॉन ऑक्युपन्सी चार्जेस' घेते. घर भाड्याने दिल्याबद्दलचा हा आकार सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक घेता येत नाही, असा २००१ चा सरकारी आदेश आहे. मालक ते माझ्या भाड्यातून भरतात. माझ्या राहण्याचा हिशेब सोसायटीच्या वहीत आहे, मी नाही.

इथे कायद्याची एक बारकी गोष्ट सांगायला हवी, कारण ती आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मध्ये कलम १४ आहे. त्याप्रमाणे, उलट करार नसेल तर, जागा राहण्याजोगी दुरुस्त ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. त्याने ते केलं नाही, तर भाडेकरूने किमान १५ दिवसांची नोटीस देऊन वाजवी वाट पाहायची, मग दुरुस्ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करायचा. मात्र वर्षाला, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक नाही. वाचून मला हायसं वाटलं. मग एका वकील मैत्रिणीने विचारलं, "तुझा कागद कसला आहे?" कागद लिव्ह अँड लायसन्सचा. "मग तू कायद्याच्या भाषेत भाडेकरू नाहीस, परवानाधारक आहेस. हे कलम भाडेकरूचं." आज अलिबागेत, पनवेलला, कुठेही फ्लॅट घेणाऱ्या बहुतेकांच्या हाती परवान्याचाच कागद असतो. मुदत संपली की बाहेर पडायचं. नाही पडलात तर कलम २४ प्रमाणे दुप्पट आकार. मालक दुरुस्तीला बांधील राहतो तो करारात जे लिहिलं असेल त्यापुरता, आणि आमच्या छापील करारात एकच ओळ होती: किरकोळ दुरुस्ती राहणाऱ्याने करायची. मोठ्या दुरुस्तीबद्दल एक शब्द नव्हता.

आणखी एक गैरसमज. अकरा महिन्यांचा कागद नोंदवावा लागत नाही असं पुष्कळांना वाटतं. आपल्या राज्यात कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृतच लागतो आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. कागदच नसेल, तर वाद झाल्यावर उलट सिद्ध होईपर्यंत राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं.

पण कलमांपेक्षा मोठी गोष्ट भीतीची आहे. जास्त विचारलं तर पुढच्या अकरा महिन्यांना मालक नाही म्हणतील, ही भीती. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींच्या न्हाणीघराचं छत गळत होतं, खाली बादली ठेवून त्या अंघोळ करत. सांगितलं नाही कुणाला, कारण मुलीची दहावी होती आणि त्या वर्षी घर बदलणं परवडणारं नव्हतं. मुंबई शहरातल्या जुन्या चाळींसाठी १९६९ मध्ये कायदा होऊन दुरुस्ती मंडळ उभं राहिलं. तिथल्या १९,६४२ इमारतींवर उपकर बसवून त्यातून दुरुस्तीची सोय केली गेली. ते काम पुरेसं झालं असं कुणी म्हणणार नाही. तरी तिथल्या भाडेकरूला जाऊन उभं राहायला एक दार तरी आहे. खाडीच्या या बाजूला ते दार नाही.

आम्ही सहा भाडेकरूंनी मिळून एक गोष्ट केली. प्रत्येकाने आपापल्या मालकाला पत्र लिहिलं, एकाच मजकुराचं. त्यात भांडण नव्हतं. छताचे, कॉलमचे, न्हाणीघराचे फोटो तारीख घालून जोडले आणि सोसायट्यांच्या आदर्श उपविधींतला नियम लिहिला: इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर पाच वर्षांतून एकदा आणि तीस वर्षांवरची असेल तर दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं. आमची तेव्हा बत्तिसाव्या वर्षात होती. सहा मालकांनी मीटिंगमध्ये एकदम तोंड उघडलं, तेव्हा विषय पुढे सरकला. १५ जण जमले होते म्हणे. आम्ही खाली जिन्यापाशी थांबलो होतो.

२०२१ च्या फेब्रुवारीत इंजिनिअर आले. हातात छोटी हातोडी. आधी नुसतं ठोकत फिरले. मग काँक्रीटची ताकद अजमावणारा रिबाउंड हॅमर लावला, आतल्या पोकळ्या शोधायला ध्वनिलहरींची चाचणी केली. तळमजल्याच्या एका कॉलममध्ये बारीक छिद्र पाडून त्यांनी पिचकारीने एक पारदर्शक द्रव मारला. मी वास न घेताही ओळखलं, फिनॉल्फ्थॅलिन. बारावीच्या प्रयोगशाळेत ब्युरेटखाली थेंब टाकायचो तेच. काँक्रीट निरोगी असेल तर गुलाबी होतं, अल्कधर्म गेला असेल तर रंग येत नाही. बाहेरचे जवळजवळ तीन सेंटिमीटर कोरडे, बिनरंगी राहिले. आत गर्द गुलाबी. सळी त्या दोन रंगांच्या सीमेवर होती. इंजिनिअर म्हणाले, "अजून दोन पावसाळे असेच काढले असते, तर हा कॉलम हातचा गेला असता."

त्यांनी मला भेगा वाचायला शिकवलं. भिंतीच्या गिलाव्यावर जाळीसारख्या पसरलेल्या केसाएवढ्या चिरा बहुधा गिलाव्याच्याच. स्लॅबच्या तळाला सरळ रेषेत, समान अंतरावर भेगा दिसल्या तर त्या सळ्यांच्या रेषा. त्याकडे लगेच बघायचं. बीम जिथे कॉलमला मिळतो तिथे तिरकी चीर, किंवा कॉलमवर उभी चीर असेल तर त्याच दिवशी इंजिनिअरला बोलवायचं, कारण ढलपा पडला तर एका खोलीत पडतो, कॉलम बसला तर इमारत बसते. एरवी नीट लागणारा दरवाजा उन्हाळ्यातही अडायला लागला, फरशा आपोआप उचलल्या गेल्या, तर तेही सांगण्यासारखं. लाकूड पावसाळ्यात फुगतंच. उन्हाळ्यात अडणारं दार वेगळं. घर बघायला जाल तेव्हा नव्या रंगाच्या वासाने हुरळू नका, हे मात्र मी माझं सांगते. न्हाणीघराचं छत आणि वरच्या मजल्यावरचं कोपऱ्यातलं छत बघा. पीओपीचं खोटं छत असेल तर त्याच्या वर काय आहे ते विचारा. शक्य असेल तर घर ऑगस्टमध्ये बघा.

अहवालात इमारतींचे चार गट असतात. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, तात्काळ रिकामी करून पाडायची. सी-२ ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२ बी म्हणजे लोक राहत असतानाच दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ. आम्ही सी-२ बी. ते अक्षर कळेपर्यंतचे नऊ दिवस माझ्या आयुष्यातले मोठे दिवस होते, कारण सी-१ आलं असतं तर मालकांना पुढे पुनर्विकासात जागेची आशा तरी होती. परवानाधारकाला सामान उचलण्यापलीकडे काही नव्हतं.

दुरुस्ती चार महिने चालली. आमच्या खोलीत लोखंडी टेकू उभे राहिले, त्यांच्यामधून वाट काढत स्वयंपाक केला. सैल काँक्रीट काढलं, सळ्या घासून त्यांना गंजरोधक लावलं, ज्या अर्ध्याहून बारीक झाल्या होत्या त्यांच्या जोडीला नव्या बांधल्या, वर पॉलिमरचा गिलावा. तळमजल्याच्या दोन कॉलमना बाहेरून नव्या काँक्रीटचं जॅकेट चढलं. धूळ इतकी, की सासूबाईंना महिनाभर नागोठण्याला नणंदेकडे पाठवलं. मे संपता संपता गच्चीचं वॉटरप्रूफिंग उरकलं आणि ७ जूनला पहिली सर आली. त्या रात्री कुणी झोपलं नाही, तिन्ही मजल्यांवर दिवे होते. छत कोरडं राहिलं.

खर्च सभासदांनी वाटून घेतला. आमचं भाडं पुढच्या करारात हजाराने वाढलं, ते मी मान्य केलं. बदल्यात मी दोन ओळी मागितल्या: ऑडिट अहवालाची प्रत कराराला जोडायची, आणि स्लॅब, बीम, कॉलम यांची दुरुस्ती मालकाकडे राहील असं स्पष्ट लिहायचं. घरमालक थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "लिहा. मलाही माझ्या घराचं हे पहिल्यांदाच कळलंय." ते नोंदणीला आले तेव्हा मी त्यांना छतावरची जागा दाखवली. त्यांनी मान वर करून पुष्कळ वेळ पाहिलं.

पहिल्या मजल्यावरच्या वहिनी मुलीची बारावी झाल्यावर पेणला गेल्या. त्यांच्या जागी एक तरुण जोडपं आलंय, तिच्या कडेवर आठ महिन्यांचं बाळ. सामान लावायच्या दिवशी मी अहवालाची झेरॉक्स आणि स्वयंपाकघरातलं लाटणं घेऊन खाली गेले. न्हाणीघराच्या छतावर लाटण्याने ठोकून दोन्ही आवाज तिला ऐकवले, भरीव आणि पोकळ. तिने बाळ माझ्याकडे दिलं, लाटणं घेतलं आणि पाळण्याचा हूक जिथे आहे तिथून ठोकायला सुरुवात केली.